फाटकावरची तीन अक्षरं

जगात कायम टिकणाऱ्या गोष्टी दोनच. एक न्याय, आणि दुसरा काळा दगड.

हे विधान वकीलसाहेबांनी आपल्या नव्या फाटकासमोर हात पाठीमागे बांधून केलं. ऐकायला म्हातारा पाथरवट होता, त्याची सून होती, आणि खांब पेलून धरलेले चार गडी होते. गड्यांच्या अंगात त्या घटकेला विधानं ऐकण्याइतका दम नव्हता. बोलता बोलता साहेब एक पाऊल पुढे आले आणि त्यांचा डावा पाय खांबाच्या खड्ड्यातल्या ओल्या चुन्यात घोट्यापर्यंत गेला. पाय निघाला. चप्पल निघाली नाही.

"साहेब, खांब सुटतोय हातातून," गडी म्हणाले. "काय ते लवकर सांगा."

"सोडा," साहेब म्हणाले.

खांब चपलेवर उभा राहिला.

म्हाताऱ्याने ओळंबा लावून पाहिला. दोरी सरळ होती. तरी त्याने आपला एकुलता एक डोळा बारीक केला. दुसरा डोळा तीस वर्षांपूर्वी दगडाच्या कपरीने नेला होता. "सूनबाई," तो हळूच म्हणाला, "खांबाखाली कोणाचं काही गेलं की खांब ते धरून बसतो."

"चप्पल आहे मामा. माणूस नाही."

"तेच म्हणतो. चपलेला माणूस लागतो."

सुनेने हे मनावर घेतलं नाही. तिच्या मनावर घ्यायला आधीच पुष्कळ होतं. घरात माणसं तीन. सासऱ्याचा हात थरथरायचा. नवऱ्याच्या छातीत पंधरा वर्षांची दगडाची भुकटी बसली होती. तो दारातल्या बाजेवर बसून छिन्न्यांना धार लावायचा, दहा वेळा घासलं की एक विश्रांती. राहिले तिचे दोन हात. कपड्यांवरून ती नवऱ्याचा जुना निळा शर्ट घालायची, बाह्या कोपरापर्यंत दुमडून, आणि सकाळी अंगणात बसायची ती दिवस कलेपर्यंत ठक ठक करत राहायची. उंबरे, पायऱ्या, खांब, मैलाचे दगड. जे ज्याला हवं ते.

दगड यायचा टेकडीमागच्या खाणीतून. खाणीची गाडीवाट एका माणसाच्या रानातून जात होती, आणि त्या माणसाने वाटेवर तारेचं कुंपण घातलं होतं. तेव्हापासून त्याचं नाव कुंपणवाला. पूर्वी गाडी अर्ध्या तासात खाणीवरून घरी यायची. आता टेकडीला वळसा, आणि वळशाला गाडी चालत नाही. सून डोक्यावर चुंबळ ठेवून दगड आणायची, मावेल तेवढा. डोक्यावर उंबरा मावतो. खांब मावत नाही. फाटकाचा हा खांब म्हणजे कुंपणाच्या आधी आणून ठेवलेला शेवटचा मोठा दगड होता.

वाट आपली असल्याचा जुना कागद घरात होता. तो त्यांनी खांब उभा राहायच्या आधीच वकीलसाहेबांकडे दिला होता. सोबत दाव्याच्या स्टॅम्पचे आणि फीचे पैसे दिले. साहेबांनी पैसे मोजले, कागद कपाटात ठेवला, कपाटाला किल्ली लावली आणि म्हणाले, "वाट मिळाली असं समजा."

आणि त्याच बैठकीत त्यांनी खांबाचं काम सांगितलं.

"वर नाव कोरायचं का साहेब?" म्हाताऱ्याने विचारलं.

"नाव कशाला? नाव कोणालाही असतं. नुसतं 'वकील' लिहा."

कोरण्याचा दर अक्षराला होता आणि वेलांटीचे निराळे पैसे पडायचे. साहेबांनी वेलांटीवर पाऊण तास घासाघीस केली.

म्हातारा एरवी अक्षर अर्धं बोट खोल घ्यायचा. या खांबावर त्याने पूर्ण बोटभर घेतलं. सून म्हणाली, "मामा, पुरे की. दगडाच्या पलीकडे निघायचंय का?"

"आपला दावा याच्या हातात आहे. अक्षर उथळ घेतलं आणि दावा उथळ राहिला तर?"

पाथरवटांचं हे असं असतं. त्यांना वाटतं, जितकं खोल माराल तितकं काम पक्कं. म्हाताऱ्याचा हात एरवी थरथरायचा, त्या तीन दिवसांत थरथरला नाही. प्रत्येक घावाला तो तोंडातल्या तोंडात म्हणायचा, वाट. ठक. वाट. ठक. सून शेजारी पायरी घडवत होती. तिसऱ्या दिवशी तिच्या लक्षात आलं की आपलाही हातोडा त्याच तालावर पडतोय, आणि बाजेवरचा नवरा त्याच तालावर खोकतोय.

खांब उभा राहिला त्या संध्याकाळी साहेबांनी मजुरी दिली. सुनेने घरी येऊन नोटा उजेडात धरल्या. सगळ्यात वरच्या नोटेवर तांबडा अंगठा उमटलेला होता. दगडावर रेघ मारायची दोरी गेरूत बुडवलेली असते. त्यामुळे पाथरवटाचा अंगठा बारा महिने तांबडा असतो आणि तो जिथे टेकेल तिथे आपली सही करतो. तिने आपला अंगठा नोटेवर ठेवला. रेघेवर रेघ बसली.

दुसरी नोट. तिसरी. सगळ्याच.

"अहो," ती नवऱ्याला म्हणाली, "हे आपलेच पैसे आलेत परत."

"म्हणजे फी परत दिली?"

"फी नाही परत दिली. फीतून खांब घेतला. स्टॅम्प आणलाच नाही त्याने. दावा लावलाच नाही."

नवरा दोनदा छिन्नी घासून थांबला. "म्हणजे आपण आपल्याच पैशाने आपलीच मजुरी घेतली," तो म्हणाला. "आणि खांब फुकट दिला."

"आणि वेलांटी स्वस्तात," म्हातारा म्हणाला.

*

वकिलांना धाकात ठेवणारी एक शिस्त समिती असते हे सुनेला शेजारच्या शिंपिणीकडून कळलं. समिती शाळेच्या रिकाम्या वर्गात बसली. तिघे सदस्य, समोर तीन कप चहा, चहावर साय. सून नोटा फडक्यात बांधून घेऊन गेली होती. अध्यक्षांनी एक नोट खिडकीकडे धरली, तिचा अंगठा मागितला, एकदा इकडे पाहिलं, एकदा तिकडे पाहिलं.

"वकीलसाहेब, हे पैसे स्टॅम्पसाठी होते?"

"फी आणि घरखर्च यांची थोडी सरमिसळ झाली," साहेब म्हणाले.

"सरमिसळ म्हणजे?"

"वेगळे ठेवायचे राहून गेले."

"मग ठेवले कुठे?"

साहेबांनी जरा विचार केला. "फाटकात," ते म्हणाले.

निकाल झाला. सनद एक वर्ष निलंबित. फी परत करायची, अशिलाचे कागद महिन्याच्या आत परत करायचे. आणि वर्षभर घरावर, दारावर, फाटकावर 'वकील' ही पाटी दिसता कामा नये. महिन्याच्या शेवटच्या दिवशी, तीस तारखेला, तपासनीस येऊन बघतील. पाटी दिसली तर सनद कायमची गेली.

उठता उठता एक सदस्य सुनेला म्हणाले, "बाई, तुमच्या दाव्याची मुदतही तीस तारखेलाच संपते. एक तारखेपासून वाट त्या कुंपणवाल्याची. कागद मिळाला की पळा."

सून तशीच साहेबांच्या घरी गेली. साहेब फाटकातच उभे होते, खांबाला टेकून.

"साहेब, फी द्या आणि कागद द्या."

साहेबांनी फी मोजून दिली. कागद दिला नाही.

"आधी हे पुसून द्या." त्यांनी अंगठ्याने मागे दाखवलं. "तपासनिसाची सही झाली की तिथल्या तिथे कागद देतो. तोवर कपाटाची किल्ली माझ्या गळ्यात."

"समितीला सांगेन."

"सांगा. समिती आता तीन महिन्यांनी बसते."

ती खांबाकडे बघत राहिली. पूर्ण बोटभर खोल तीन अक्षरं.

*

साहेबांनी आधी स्वतः चुना लावून पाहिला होता. चुना दुपारपर्यंत पांढराशुभ्र राहिला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यातून 'वकील' ओलसर काळं उमटून आलं. दुसरा हात दिला. पुन्हा तेच. वकीलीणबाईंनी वरून जुनी चादर टांगली. चादरीवरही ओल धरली, तिन्ही अक्षरांची. त्यांनी ती चादर धुतली नाही, जाळली.

"चुन्याने काय होणार," सून म्हणाली. "हे छिन्नीचं काम आहे."

तिने आडव्या पातीची छिन्नी घेतली आणि खांबाचं तोंड बोटभर उतरवायला घेतलं. कडक थंडी होती. सकाळी लोखंड हाताला बोचायचं. पहिल्याच घावाला तिला खटकलं. चांगला काळा दगड वाजतो, पितळेसारखा. हा खांब खाली वाजत होता, वर वाजत होता, अक्षरांच्या जागी मात्र बद्द आवाज यायचा. उशीवर मारावं तसा. दुपारी सगळा खांब उन्हाने तापला. तिने तळहात ठेवून पाहिला. अक्षरांची जागा गार होती.

तिसऱ्या संध्याकाळी तोंड साफ झालं. हात फिरवला तर खाच लागत नव्हती. साहेब आतून म्हणाले, "झालं?"

"झालं."

सकाळी दव पडलं होतं. ती हत्यारं न्यायला आली आणि फाटकासमोर उभीच राहिली. ओल्या दगडावर 'वकील' होतं. खाच नाही, रेघ नाही. नुसता रंग, गडद, वेलांटीसकट.

ती घरी जाऊन सासऱ्याला घेऊन आली. म्हाताऱ्याने दगडाला डोळा लावला, मग कान लावला. "घाबरू नको," तो म्हणाला. "घावाचा मुका मार आत जातो. वरची खाच गेली तरी आतला दगड ठेचलेला असतो. तो पाणी जास्त पितो, म्हणून ओला झाला की दिसतो. आणखी बोटभर उतरव, जाईल."

तिने आणखी बोटभर उतरवला. त्याला पाच दिवस लागले. सकाळी 'वकील' होतं.

"मामा, अजून?"

म्हाताऱ्याने पुन्हा दगडाला कान लावला. "माझा घाव एवढा खोल नसतो," तो शेवटी म्हणाला आणि घरी निघून गेला. त्यानंतर तो फाटकाकडे आला की आपली डोळा नसलेली बाजू खांबाकडे ठेवून चालायचा.

याच सुमाराला माणसं येऊन बसायला लागली.

आधी शिंपीण आली. मग गवंडी, मग दूधवाला, मग दोघे भाऊ जे एकमेकांशी बोलत नव्हते पण शेजारी बसले. दहाव्या दिवशी मोजले तर अकरा जण झाले. सगळे साहेबांचे अशील. सकाळी दव असताना यायचे, रस्त्याच्या पलीकडे ओळीने उकिडवे बसायचे, मांडीवर कागदांचं गाठोडं, डोळे खांबावर. ऊन वर चढलं, दगड सुकला, अक्षरं गेली की उठून आपापल्या कामाला जायचे.

"तुम्ही तक्रार नाही केली?" सुनेने शिंपिणीला विचारलं.

"नाही गं."

"का?"

"तक्रार केली की सनद जाते. सनद गेली की आमचे दावे कोण लढवणार?"

"तुमचे दावे लावले तरी आहेत का त्याने?"

"ते कोणाला माहीत! पण ते दिसतंय ना अजून." शिंपिणीने हनुवटीने खांबाकडे दाखवलं. "ते आहे तोवर आहे म्हणायचं."

गवंडी बसल्या जागेवरून म्हणाला, "बाई, जरा हळू मारत जा. आमची फी आहे त्यात."

कोणी हसलं नाही. सुनेला आधी वाटलं गवंडी चेष्टा करतोय. मग तिने अकरा चेहरे पाहिले आणि पुढचा घाव तिच्या हातून खरोखरच हळू पडला.

साहेब घरातून बाहेर पडेनासे झाले. एक वर्ष कोर्टात जायचं नाही, म्हणून सकाळी काळा कोट घालायचे आणि खिडकीत बसायचे. वकीलीणबाई एकदा सुनेला पाणी द्यायला आल्या आणि भांडं धरूनच उभ्या राहिल्या.

"अगं, एक विचारू? तुमच्या या दगडाला पाय असतात का?"

"का हो बाई?"

"हे हल्ली डावा पाय ओढत चालतात. डॉक्टर म्हणतो पायात काही नाही. हे म्हणतात, खालून कोणीतरी धरलंय."

सुनेने खांबाच्या बुंध्याकडे पाहिलं आणि पाणी न पिता भांडं परत दिलं.

*

अठ्ठावीस तारखेपर्यंत खांब तीन बोटं उतरला होता. आणखी उतरवला असता तर फाटकाच्या बिजागऱ्या निखळल्या असत्या. साहेबांनी खिडकीतून विचारलं, "आता?"

"आता खांब फिरवायचा," सून म्हणाली. "तोंड आत, पाठ बाहेर. पाठीवर कोणी काही कोरलेलं नाही."

एकोणतीसला चार गडी आले. पहारी लावून बुंधा मोकळा केला, खांब दोरांनी वर ओढला. खड्ड्यात वाळलेला चुना दिसला. त्यात डाव्या चपलेचा ठसा होता, टाच, तळवा, पट्ट्याची कड सगळं स्पष्ट. सुनेने वाकून आत हात घातला.

चप्पल नव्हती.

आणि ठशाच्या पुढच्या टोकाला चुन्यात पाच खळगे होते. एक मोठा, चार लहान.

"काय आहे गं?" गड्याने विचारलं.

"काही नाही. टाका माती."

खांब फिरवून उभा केला. पाठीवरून तिने बारीक छिन्नी फिरवली, भुकटी झाडली. ठोकून पाहिला. वरपासून खालपर्यंत पितळेसारखा वाजला. त्या दिवशी ती घरी पोटभर जेवली. नवरा म्हणाला, "झालं एकदाचं," आणि जवळपास पाव तास खोकला नाही.

तीस तारखेला ती पहाट फुटताच गेली. दव नेहमीपेक्षा जास्त होतं. अकरा जण आधीच येऊन बसले होते, आणि आज कोणीही खांबाकडे सरळ बघत नव्हतं. सगळ्यांनी माना तिरक्या केल्या होत्या.

खांबाच्या पाठीवर तीन अक्षरं होती. उलटी. आरशात दिसतात तशी. आतून बाहेर आलेली.

साहेब कोट घालून फाटकाच्या आत उभे होते. त्यांचे ओठ हलत होते.

"ऊन येऊ दे," सून म्हणाली. तिचा स्वतःचा आवाज तिला लांबून आल्यासारखा वाटला. "सुकलं की दिसत नाही. तपासनीस दहाला येणार ना?"

ऊन आलं. दगड सुकत गेला. आधी वेलांटी गेली, मग एकेक अक्षर. साडेनऊला खांब कोरा होता. दहाला तपासनीस आले, धुळीने भरलेले, बगलेत वही. त्यांनी चष्मा पुसला, खांबाला एक फेरी मारली.

"पाटी काढली?"

"काढली," साहेब म्हणाले.

"हे कोण बसलेत?"

"शेजारी."

"अकरा शेजारी?"

"वस्ती दाट आहे."

तपासनिसांनी वही उघडली, मग हाताकडे पाहिलं. "हात फार मळलेत. कागदाला लागतील. जरा पाणी मिळेल का?"

वकीलीणबाईंनी तांब्या आणला. तपासनिसांनी हात धुतले, तोंडावर पाणी मारलं, आणि तांब्यात उरलेलं पाणी, माणूस कुठेही टाकतो तसं, समोर फेकलं. ते खांबावर पडलं.

पाणी ओघळायला लागलं आणि त्याच्यामागोमाग दगडातून काळं वर येऊ लागलं.

सून एका ढांगेत पुढे झाली आणि खांबाला पाठ लावून उभी राहिली.

"बाई, बाजूला व्हा. शेवटचं बघू द्या."

"चक्कर आली साहेब."

"मग खाली बसा."

"बसले तर पडेन."

तपासनिसांनी चष्म्यावरून पाहिलं. रस्त्यापलीकडे अकरा जण होते. त्यांच्यातला एक जरी बोलला असता तरी संपलं होतं. कोणी बोललं नाही. सुनेच्या पाठीला तीन ठिकाणी गार लागत होतं, वर्षानुवर्षं ऊन न लागलेल्या जागेसारखं गार. मग ते गार दाबायला लागलं. दगडाच्या आतून कोणीतरी बारीक छिन्नी चालवत होतं आणि प्रत्येक घाव तिच्या पाठीच्या मणक्याला लागत होता. ठक. वाट. ठक. वाट. ती दात आवळून उभी राहिली. याच चोराची अब्रू आपण पाठीने झाकतोय हे तिला कळत होतं. कपाटातल्या कागदाला इलाज नव्हता.

"पाटी नाही," तपासनीस स्वतःशी म्हणत लिहू लागले. "अक्षर नाही. खूण नाही." सही केली, वही मिटली आणि गेले.

सून खांबापासून सुटली. वळून पाहिलं. दगड ओला होता, चकचकीत काळा आणि कोरा. कुठेही काही नव्हतं.

साहेबांनी मात्र तिची पाठ पाहिली होती. त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. ते पाय ओढत आत गेले आणि कागद घेऊन आले. आजवर त्यांनी कोणाला काही दोन्ही हातांनी दिलं नव्हतं. तो कागद त्यांनी दोन्ही हातांनी दिला.

रस्त्यापलीकडे अकरा जण एकदम उठले.

*

कोर्ट दीड कोस. सून भरभर चालत होती. मागे पावलं वाजत होती. ती थांबली की पावलं थांबायची. वळून बघितलं तर शिंपीण, गवंडी, दूधवाला, दोघे भाऊ, सगळे गाठोडी छातीशी धरून.

"कुठे निघालात?"

"तुम्ही जाल तिकडे," शिंपीण म्हणाली. कालपर्यंत ती 'अगं' म्हणायची.

वाटेत वेशीजवळ एक अनोळखी म्हातारी ओट्यावर बसली होती. सून पुढे गेल्यावर तीही काठी टेकत उठली आणि ओळीत लागली.

परत मिळालेल्या फीतून स्टॅम्प घेण्यात आणि दावा लिहून घेण्यात दुपार गेली. कोर्टाच्या खिडकीत कारकून होता. साडेचार वाजले होते. त्याने कागद पाहिला, स्टॅम्प पाहिला. "वकील कोण?"

"नाही. मीच."

"वकिलाशिवाय दावा घेत नाही. उद्या या."

"उद्या मुदत नाही साहेब. आजचाच दिवस आहे."

"मग मी काय करू?" त्याने खिडकीची फळी ओढली.

ती वळली. दोन पावलं गेली असेल नसेल, मागे फळी पुन्हा वर सरकली. "अहो बाई! अहो, इकडे या. असं आधी सांगायचं ना!" कारकून उभा राहिला होता. त्याने कागद घेतला, शिक्का मारला, क्रमांक घातला आणि पोचपावती अदबीने पुढे केली. चार वाजून पन्नास मिनिटं झाली होती. दारातल्या शिपायाने ती जाताना सलाम केला.

तिला काहीच कळलं नाही. पोचपावती तिने मुठीत इतकी घट्ट धरली की अंगठ्याचा गेरू तिच्यावर उमटला.

घरी पोचली तेव्हा दिवस मावळायला आला होता. बाजेवरून नवऱ्याने विचारलं, "झालं?"

"झालं. नंबर मिळाला."

त्याने डोळे मिटले आणि पुष्कळ दिवसांनी एक श्वास खोलवर घेतला. ती पाणी प्यायला वळली आणि त्याचा तो श्वास तिथेच अडकला.

"तुझ्या पाठीवर काय लिहिलंय?"

तिने शर्ट काढून पुढे धरला. निळ्या कापडावर पांढऱ्या भुकटीत तीन अक्षरं होती. दगडावर उलटी होती, इथे सुलटी. वेलांटीसुद्धा जिथल्या तिथे.

तिने शर्ट झटकला. मग बादलीत बुचकळला, दगडावर आपटला, पुन्हा बुचकळला. शर्ट ओला झाला आणि अक्षरं अधिक ठळक झाली. शेवटी तिने तो अंगणातल्या दोरीवर टाकला आणि लांब सरकून उभी राहिली. वारा नव्हता, तरी शर्टाच्या बाह्या माणसाने हात मागे बांधावेत तशा मागे वळल्या.

अंगणाबाहेर बारा जण ओळीने उकिडवे बसले. गाठोडी मांडीवर, डोळे दोरीवर.

"बाई," गवंडी आर्जवाने म्हणाला, "वाळला की घालाल ना?"

म्हातारा घरातून बाहेर आला, शर्टाकडे पाहिलं आणि डोळा नसलेली बाजू तिकडे केली. तेवढ्यात वाटेवर आवाज आला. एक पाऊल, मग फरपट. एक पाऊल, मग फरपट. बसलेल्यांच्या माना वळल्या. काळा कोट घालून वकीलसाहेब येत होते. एका हातात काहीतरी छातीशी धरलेलं होतं.

ओळ दुभंगली. साहेब दोरीसमोर येऊन थांबले. पाटी वाचायला नुकत्याच शिकलेल्या माणसासारखे ते ओठ हलवत शर्ट वाचत राहिले. नवऱ्याने बाजेखालचा हातोडा मुठीत घेतला. सुनेने पोचपावती पोलक्यात खोल खुपसली.

"घेऊन जा," म्हातारा भिंतीकडे तोंड करून म्हणाला. "तुमचंच आहे ते."

साहेबांनी मान हलवली. नको. मग सुनेकडे वळले आणि छातीशी धरलेला हात पुढे केला. हातात उजव्या पायाची चप्पल होती.

"बाई," ते खालच्या आवाजात म्हणाले, "काल खांब उपटला होतात ना, तेव्हा खाली डावी सापडली का? सापडली असेल तर द्या. ही अजून नवी आहे."